आठ नट

लेकीला कॉलेजात एक जुनं कोडं दिलंय. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे बसवणारा प्रोग्रॅम लिहायचा, की कुणीच कुणाला मारणार नाही. ती नेटवर संदर्भ शोधत होती. एका पानावर वजीर आपोआप पुढे सरकत होते, अडले की मागे येत होते. ते थांबले आणि मी स्क्रीनजवळ सरकले. ही मांडणी मी पाहिलेली होती.

चाकणच्या कंपनीत मी तपासणी खोलीत होते. लेथवरचे काका जेवणाच्या सुट्टीत तिथे यायचे आणि पटासारख्या चौकटी कोरलेल्या लोखंडी प्लेटवर वजीर म्हणून बोल्टचे आठ नट मांडत बसायचे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते ओरडलेच, "ताई, बसलं बघा!"

दुसऱ्या दिवशी पूजेला मी नट उचलले, प्लेटला हळदकुंकू लावलं, नट आठवतील तसे परत ठेवले आणि खोलीला कुलूप लावलं.

दसऱ्यानंतर काका प्लेटपाशी थिजले. "हे दोन एकमेकांना मारत्यात. आत कोण आलं व्हतं?"

"कोणी नाही, काका. कुलूप होतं."

त्यांनी वाळलेल्या झेंडूकडे पाहिलं, हात जोडले. "मग देवालाच पसंत न्हाई." नट डब्यात गेले ते कायमचे. काकाही आता नाहीत.

"आई, ही मांडणी घेते. तू आधी पाहिलीय म्हणालीस, मग संदर्भात कुणाचं नाव टाकू?"

दारंखिडक्या बंद होत्या, तरी घरात लेथच्या तेलाचा वास दाटला होता.

"कोणी नाही," मी म्हणाले. परत तेच.