घाटावरची बत्ती

मोतीराम भोई तसा घुम्या माणूस. पण बत्तीचा विषय निघाला की त्याची जीभ सुटे. भातकुलीकडच्या एका लहानशा गावात, पूर्णेच्या घाटावर त्याचा डोंगा होता. गावानं वर्गणी काढून अकोल्याच्या भंगार बाजारातून लष्करी लिलावातली हातबत्ती आणली, ती साठ सालाच्या जरा आधीची गोष्ट. तव्याएवढी काच, हातात धरायला मूठ, आणि बटण दाबलं की पलीकडची बाभूळ काट्यांसकट दिसायची. पण खादाड! तिला मोटारीची बॅटरी लागे. ती डोंग्यात फळीवर, पाण्यापासून उंच बांधलेली. वायर जाडच हवी आणि आखूडच हवी, नाहीतर उजेड पेंगतो, हे मोतीराम आल्यागेल्याला ऐकवी. बॅटरी उतरली की शेजारच्या गावच्या पिठाच्या गिरणीवर न्यायची. तिथल्या इंजिनावर ती भरून मिळे.

पूर्णा वाहते पश्चिमेला, आणि पावसाळ्यात वारा येतो पश्चिमेकडून. म्हणून डोंग्याला शीड होतं. पाणी खाली ओढी, वारा वर ढकली, आणि डोंगा कसा नीट पार होई. शीड त्याच्या बायकोनं, केशरबाईनं, दोन जुन्या धोतरांचं शिवलेलं. पहिल्याच अंधारात बत्ती लावली, तर सगळा उजेड त्या पांढऱ्या शिडावर पडला आणि दोघांचेही डोळे दिपले. समोरची नदीच दिसेना. तेव्हापासून केशरबाई बत्ती घेऊन शिडाच्या पुढं, अगदी टोकाला बसू लागली. भोयाची बायको, ती काय पाण्याला भिते! मोतीराम मागून ओरडे, इकडं धर, तिकडं धर. ती आपल्याच मनानं उजेड फिरवी, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघे.

हळूहळू घाटाचा एक रिवाज पडला. अंधारात पलीकडून हाक आली की मोतीरामनं एकदा बत्ती लावायची. म्हणजे ऐकलं, येतो, बसून राहा. उजेड दिसला की पलीकडचा माणूस बिडी पेटवून निवांत बसे.

एका वर्षी पोळ्याच्या तोंडावर मोतीराम हिवतापानं पडला. नेमकी तेव्हाच पलीकडच्या गावी केशरबाईची भावजय बाळंत झाली. नवऱ्याला तापात टाकून जायला केशरबाई तयार नव्हती. मोतीरामनं तिला जवळजवळ हाकललंच. बाई गेली, पण तिचा जीव इकडंच.

पोळ्याच्या दिवशी ताप उतरला. दुपारी शालिकराम आला. गावच्या पोरांचा तो म्होरक्या. बैलांच्या तोरणाखाली म्हणायची गाणी, झडत्या, यंदा भोंग्यावर म्हणायच्या, पलीकडच्या गावाला ऐकू गेल्या पाहिजेत, म्हणून त्याला बॅटरी हवी होती. मोतीरामनं दिली. वर्षाचा सण. आणि नाही म्हटलं असतं तर गावच म्हणालं असतं, बॅटरी आमच्या वर्गणीची अन् तोरा पाहा याचा! पोरांनी झडत्या म्हटल्या, मग रेकॉर्डी लावल्या, आणि बॅटरी पार पिळून काढली. दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. गिरणी बंद. बॅटरी तशीच परत आली.

करीच्या दिवशी दिवेलागणीलाच अंधार मिट्ट झाला. वर कुठं तरी पाऊस पडला होता, नदी चढत होती. आणि पलीकडून हाक आली, "डोंगा आना जी!"

केशरबाईच होती. इतक्या लवकर परत येईल असं त्याला वाटलंच नव्हतं. त्यानं बटण दाबलं. आतली तार लाल झाली आणि विझली. त्यानं कंदील पेटवून वर धरला, तो वाऱ्यानं विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. ओरडून घसा बसला, पण पाण्याच्या गर्जनेत काय ऐकू जाणार? मग त्यानं शीड चढवलं आणि एकटाच निघाला. ती बसून राहील, नदी तिला ठाऊक आहे, असं तो मनाला बजावत होता.

पलीकडं तिचा भाऊ देवमन चिंब भिजून चिखलात बसला होता. त्यानं जे सांगितलं ते एवढंच. तिनं हाकांवर हाका मारल्या. बत्ती लागली नाही. "ते उठू शकत नसन, घरात तापानं पडले असन," असं म्हणून ती नदी पायी ओलांडायच्या उताराकडं धावली. देवमननं दंड धरला, तो तिनं झटकला. तो मागोमाग पाण्यात उतरला, पण पाण्यानं त्याला काठावर फेकलं आणि तिला नेलं.

ती खाली बाभळीच्या झुडपात सापडली. मोतीरामनं तिला डोंग्यातूनच आणलं. तो रडला नाही. बाया म्हणाल्या, रडू द्या त्याले, नाहीतर छाती फुटन. त्याची छाती काही फुटली नाही. त्याला भूक लागे, झोप येई, डोंगा चाले. काहीच वाटत नसे, आणि काहीच वाटत नाही याची मधूनच भीती वाटे. हाक आली की मात्र तो आधी बत्ती लावी, भर दुपारीसुद्धा. लोक म्हणत, याचं डोकं फिरलं. दिवसाही लावल्यानं बॅटरी लवकर उतरे. शालिकराम ती डोक्यावर घेऊन गिरणीवर नेई आणि भरून आणी. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पोळ्याला भोंग्याचं नावही गावात कोणी काढेना.

अशी काही वर्षं गेली. एका संध्याकाळी शालिकरामनं बॅटरी फळीवर ठेवली आणि तो तिथंच बसला. म्हणाला, "मोतीरामदादा, एकडाव शिव्या तरी दे मले."

"तुले काहून शिव्या देऊ? बॅटरी म्या देल्ली." मोतीराम वायर आवळत राहिला. मग तसंच खाली पाहत म्हणाला, "पानी कोनालेही नेते रे. त्याचं काई नाई. पन थे समजत गेली का मी तापानं पडलो हावो. मी बरा होतो. त्या दिवशी मी पोटभर भाकर खाल्ली होती. हे तिले आता कोन सांगन?"

शालिकरामला हुंदका फुटला. तो गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला. मोतीराम त्याच्याकडं पाहत बसला. याले रडू येते, मले काहून येत नाई, एवढंच त्याच्या मनात आलं.