दगडूबाचं लॉन मशीन

मी ओरडत पळत होतो आणि आमचा माळी दगडूबा ढिम्म ऐकत नव्हता. कारखान्याच्या ऑफिससमोरच्या हिरवळीवर गवत कापायचं नवं मशीन फटफटत उभं होतं. ओलं गवत अडकून पाती थांबली होती, पण इंजिन चालूच होतं. ते गवत उपसायला दगडूबा खाली वाकला होता.

"दगडूबा, हात काढ! हात काढ!"

शेवटी मी त्याला खांद्यानं ढकललं. तो गवतावर पडला आणि माझ्याकडे बघत राहिला. चिडला नाही, नुसता गोंधळला होता. मी आधी इंजिन बंद केलं.

ही एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांतली पिंपरीची गोष्ट. आमचा कारखाना नुकताच उभा राहिला होता, आजूबाजूला ज्वारीची शेतं होती. मी मेंटेनन्समध्ये फिटर. मुंबईहून पेटीत आलेलं ते विलायती मशीन मीच जोडलं होतं, त्यामुळे माळ्यांना शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात आलं. मशीन साधंच. गोल दांड्याला पिळून बसवलेली पाच पाती, खाली एक आडवं पातं. दोन्हींच्या मध्ये सापडलं ते कात्रीत सापडल्यासारखं तुटायचं. मागे लांब दांडे, ते धरून माणसानं मशीनमागून चालायचं. पाती अडकली आणि इंजिन चालू असलं, की खरा धोका. अडकलेलं गवत निघालं रे निघालं, की पाती गर्रकन फिरतात.

हे सगळं मी आदल्याच दिवशी नीट समजावलं होतं. दगडूबा माझ्या तोंडाकडे बघत मान हलवत होता. मला वाटलं, समजलं.

तोवर त्याची बायको सोनाबाई धावत आली. ती आमच्याकडेच गवत खुरपायच्या कामावर होती.

"मेस्त्री, लागलं का वं त्यांना?"

"लागलं नाही. पण हा माणूस सांगितलेलं ऐकत का नाही?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यांना ऐकूच येत न्हाई. खाणीत व्हतं कामाला. सुरुंग लय जवळ उडला. तवापासनं दोनी कान गेलं."

"आणि कामावर लागताना कुणाला कळलं कसं नाही?"

"मी संगं व्हते. साहेबांनी इचारलं की मी हळूच त्यांचा हात दाबायची, मग ते व्हय म्हणायचं." तिनं पदर तोंडाला लावला. "साहेबांना सांगू नगा, मेस्त्री. खाणीवर आता कुनी घेत न्हाई त्यांना."

खरं म्हणजे त्याच वेळी रिपोर्ट करायला हवा होता. पण दगडूबा उठून मशीनवर चिकटलेलं गवत धोतराच्या सोग्यानं पुसत होता. आपल्यामुळे मशीनला काही झालं, असं त्याला वाटत असावं. माझे पाय ऑफिसकडे वळले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याला नव्यानं शिकवलं. या वेळी तोंडानं नाही, हातानं. त्याचा पंजा मशीनच्या दांड्यावर ठेवला आणि इंजिन चालू केलं. थरथर. बंद केलं. थरथर गेली. तो हसला. मग प्लगची वायर दाखवली. इंजिनमध्ये ठिणगी पाडतो तो प्लग. त्याची वायर काढून बाजूला वळवली, की कुणी काही केलं तरी इंजिन सुरू होत नाही. पात्याजवळ जायचं असेल तर आधी इंजिन बंद, मग वायर बाजूला, आणि नंतरही हात नाही, लाकडाची काठी. एक पातं ढकललं की दुसरं पुढं येतं, म्हणून काठी. एवढं मी त्याला वीसेक वेळा करायला लावलं. पुढे तो वायर काढली की माझ्याकडे वळून हात वर करायचा. काढली, असं सांगायचा.

तो अनवाणी होता. मी माझे जुने बूट दिले. ते मोठे झाले, म्हणून सोनाबाईनं पुढं चिंध्या कोंबल्या आणि तिथंच बसून त्याला नाडी बांधायला शिकवली. मशीन लावायच्या आधी ती सगळी हिरवळ चालून खडे, तारा, खिळे वेचायची. पात्यात खडा गेला तर तो गोळीसारखा उडतो. मग ती हिरवळीच्या कडेला, त्याला दिसेल अशी उभी राहायची. कुणी मागून येताना दिसलं की हात वर करायची, की दगडूबा थांबलाच. मशीन वळवताना दर वेळी तो आधी तिच्याकडे बघायचा. त्या दोघांना एवढं बोलताना मी एरवी कधी पाहिलं नव्हतं.

महिनाभर छान चाललं. मग एकदा आमचे इस्टेट ऑफिसर जोशीसाहेब हिरवळीपाशी आले आणि त्यांनी दगडूबाला मागून हाक मारली. तीनदा मारली. चौथ्यांदा मला बोलावणं आलं.

"शेख, हा माणूस बहिरा आहे?"

"होय साहेब."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होय साहेब."

"आणि तरी मशीनवर ठेवलात? उद्या हात गेला तर जबाबदार कोण?"

"मी, साहेब."

"तुम्ही नाही, मी. उद्यापासून मशीन त्या दुसऱ्या माळ्याकडे, बबनकडे द्या."

साहेबांचं चुकत होतं असं नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. दगडूबाच्या हातात पुन्हा विळा आला. सोनाबाईनं त्याला खुणेनं सांगितलं. त्यानं मान हलवली, बूट काढले, पुसले आणि माझ्यासमोर आणून ठेवले. मी म्हणालो, "राहू देत तुझ्याकडे." त्याला ऐकू आलं नाही. मी ते उचलून परत त्याच्या हातात दिले. संध्याकाळी शेडमध्ये गेलो, तर हा मशीनच्या पात्यांना तेल लावत बसला होता. पण आधी वायर काढून.

बबन चलाख होता, कान तिखट. मशीनच्या आवाजावरून सगळं कळतं म्हणायचा. आठ-दहा दिवसांनी पाती अडकली. शेजारी बॉयलरची वाफ सुटत होती. त्या आवाजात मंद झालेलं इंजिन त्याला बंद पडल्यासारखं वाटलं. त्यानं वायर न काढताच हात घातला. मधल्या बोटाचं टोक गेलं. नशीब, तेवढंच.

डिस्पेन्सरीत बबनच्या बोटाला टाके घालत होते. जोशीसाहेब बाहेर बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी विचारलं,

"त्या दगडूला तुम्ही काय शिकवलं होतं?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला दाखवा."

दगडूबानं दाखवलं. हाताला थरथर, इंजिन बंद, वायर बाजूला, हात वर, मग काठी. साहेबांनी पुन्हा करायला सांगितलं. तसंच. मग त्यांनी सोनाबाईकडे बोट दाखवलं.

"मशीन परत याच्याकडे. पण या बाई नसतील त्या दिवशी ते निघणार नाही. शेख, तसं लेखी लावा."

"होय साहेब."

सोनाबाईनं नवऱ्याला खुणेनं सांगितलं. तिला खूण पुरी करता येईना, डोळे भरून आले होते. त्याला वाटलं, नोकरीच गेली. त्यानं आपला खरखरीत पंजा तिच्या डोक्यावर ठेवला आणि मोठ्यानं, आवाजाचा अंदाज नसल्यानं फारच मोठ्यानं, म्हणाला, "आसू दे. रडू नगंस. दुसरं बघू कायतरी." साहेबांनी तोंड फिरवलं. मीच शेवटी मशीनचे दांडे त्याच्या हातात दिले, तेव्हा त्याला कळलं.

रिटायर होईपर्यंत दगडूबानं ते मशीन चालवलं. दहाही बोटं शाबूत घेऊन गेला. त्यानंतर मी पुष्कळांना मशीनं शिकवली, लॉनची आणि इतरही. पहिल्या दिवशी प्रत्येकाला कानात कापूस घालायला लावायचो आणि मग विचारायचो, सांग, मशीन बंद आहे की चालू? लोक हसायचे. मी हसू द्यायचो, पण वायर काढून हात वर केल्याशिवाय कापूस काढू द्यायचो नाही.