पन्नासावा खोका

मी सत्तावीस वर्षं पायदळात होतो. त्यातली अकरा वर्षं हत्यारं शिकवली. फौजेत अशा माणसाला उस्ताद म्हणतात. सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला. सोसायटीत टँकर आला नाही, लिफ्ट अडकली, कुत्रा चावला, की लोक माझ्या दारावर येतात. फौजेतल्या माणसाला सगळं येतं असा इथे समज आहे. तो खोटा आहे हे मी दहा वर्षं सांगतो आहे, पण ऐकतो कोण!

खालच्या मजल्यावर वैशाली राहते. ती आणि तिची आई, दोघीच. मूळच्या अमरावतीच्या. वैशाली एका आयटी कंपनीत आहे. तिच्या आधीच्या ऑफिसातला एक माणूस आठ महिने तिच्या मागे लागला आहे. आधी फोन, मग मेसेज, मग आमच्या गेटसमोर उभं राहणं. एकदा पार्किंगमध्ये त्याने तिचा हात धरला. तिने पोलिसांत तक्रार दिली. त्याला समज मिळाली. पंधराव्या दिवशी हा पठ्ठ्या पुन्हा गेटसमोर हजर.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी दोघी वर आल्या.

"काका, मी पिस्तुलाच्या लायसन्ससाठी अप्लाय करणार आहे," वैशाली म्हणाली. "त्याला ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं. वाघोलीच्या पुढे एक कोर्स आहे. शनिवार-रविवार, दोन दिवस. घेण्यात अर्थ आहे का, एवढंच सांगा."

"लायसन्स मिळेलच असं नाही."

"माहीत आहे. पण नुसतं बसून तरी काय करू?"

तिची आई म्हणाली, "साहेब, तुमी हो म्हना नाहीतर नाही म्हना. पोरगी कोनाचंच आयकत नाही जी. तुमचं आयकते."

मी म्हणालो, "आधी बघतो. मग सांगतो."

रविवारी सकाळी साडेनऊला वैशाली आणि मी तिथे पोचलो. नवीन लोकांना एक सत्र बघू देतात. शिकवणारा निवृत्त हवालदार होता, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. 'राम राम, साहब' झालं, मला खुर्ची मिळाली. आठ शिकाऊ होते. एक डॉक्टर, एक सराफ, बाकी नोकरदार. पॉइंट टू-टूची पिस्तुलं, माणशी पाच गोळ्या. खोटं कशाला बोलू, शिकवत होता चांगलं. बोट ट्रिगरच्या बाहेर, नळी समोर, आवाज स्पष्ट, एकही शब्द फुकट नाही. मी मनात होकार ठरवून टाकला होता.

पावणेएकला फायर संपला. मदतनीसाने रिकामी टरफलं डब्यात गोळा केली. हवालदाराने त्याला विचारलं, "कितने?"

"उनतालीस, उस्ताद."

चाळीस हवे होते. दोघांनी मॅटच्या आसपास पाहिलं. ऊन चढलं होतं, डॉक्टर घड्याळ बघत होते. दोन मिनिटं गेली. मग हवालदाराने पँटच्या खिशात हात घातला, काहीतरी काढून डब्यात टाकलं आणि म्हणाला, "चालीस पूरे. चलो, खाना."

कोणाच्या लक्षात आलं नाही. मी खुर्चीवरून उठलो. मी वैशालीला म्हणालो, "चल. निघू."

नगर रोडला नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. गाडी ती चालवत होती. तिने विचारलं, "काय झालं काका? घाम का आलाय एवढा?" मग मी तिला जे सांगितलं ते आजवर कोणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. ती वारली, तोवरही नाही.

गोळी झाडली की तिचं रिकामं पितळी टरफल रायफलीतून बाहेर उडतं. त्याला आम्ही खोका म्हणतो. रेंजवर जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढे खोके परत आले पाहिजेत. एक जरी कमी पडला तरी पूर्ण पार्टी गवतात गुडघ्यांवर रांगते. जेवण नाही, गाडी नाही. कारण कमी पडलेला खोका म्हणजे कदाचित न झाडलेली गोळी. नियम चांगला आहे. पण दहापैकी नऊ वेळा खोका वाळूत रुतलेला असतो. म्हणून बहुतेक उस्तादांच्या खिशात दोन-तीन जास्तीचे खोके असतात. हे कोणी शिकवत नाही. सगळे शिकतात.

आमची कंपनी तेव्हा राजस्थानात रेंजवर होती. मी हवालदार होतो, रेंजचा हिशेब माझ्याकडे होता. जुन्या एस.एल.आर. रायफली. शेवटच्या डिटेलमध्ये, म्हणजे तुकडीत, दहा जवान, माणशी पाच गोळ्या. फायर संपला तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते. खोके भरले एकोणपन्नास.

शिपाई अंकुश लोंढेच्या टारगेटवर चारच भोकं होती. नवीन पोरगा, साताऱ्याकडचा. मी म्हणालो, "पाचवी कुठाय रे?"

"झाडली, उस्ताद. बाहेर गेली आसंल."

तो खोटं बोलत नव्हता. त्याने ट्रिगर पाचदा दाबला होता. मॅगझिनची, म्हणजे रायफलीला लावायच्या गोळ्यांच्या पेटीची, स्प्रिंग अडकली होती, पाचवी गोळी वर आलीच नव्हती, आणि शेजारच्या नऊ रायफलींच्या आवाजात त्याला ते कळलं नाही. मॅगझिनमध्ये बोट घालून बघायचं असतं. अंधारून आलं होतं, मी घातलं नाही. कंपनी कमांडर साहेबांनी लांबून विचारलं, "हवालदार, काउंट?"

माझा हात खिशात गेला. "पचास पूरे, साहब."

मग दहा जवान ओळीत उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे ओरडले, "मेरे पास कोई जिंदा राउंड, कोई खोखा नहीं है, साहब!" गाडीत बसलो. त्या रात्री मला झोप छान लागली. हे मला अजून सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला रिकाम्या रायफलीने नेम धरण्याची प्रॅक्टिस होती. त्याची एक पद्धत होती. शिकवणारा समोर आडवा होतो आणि मधोमध भोक असलेली छोटी गोल चकती डोळ्याला लावतो. जवान त्या भोकावर नेम धरून ट्रिगर दाबतो. रायफल हलली का, हे शिकवणाऱ्याला पलीकडून दिसतं. आधी 'जाँच शस्त्र' होते, प्रत्येक रायफल तपासतात. ती मीच केली. चेंबर बघितले. मॅगझिन बघितली नाहीत. रेंजचा हिशेब पूर्ण आहे, मग मॅगझिनमध्ये काय असणार? तो हिशेब मीच पूर्ण केला होता, आणि माझ्याच थापेवर माझा विश्वास बसला होता.

अंकुशच्या समोर लान्स नाईक विष्णू गायके झोपला. बीड जिल्ह्यातला. फार हसरा. चकती डोळ्याला लावून म्हणाला, "मार रे, घाबरतो काय!"

अंकुशने मॅगझिन चढवलं, कॉक केलं. अडकलेली स्प्रिंग या वेळी सुटली आणि राहिलेली गोळी वर आली. आवाज झाला तेव्हा मी वीस पावलांवर होतो. धावत गेलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंकुश रायफल सोडून विष्णूचं डोकं हातांनी धरून बसला होता. त्याचे हात आम्हाला सोडवावे लागले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला एकच प्रश्न महत्त्वाचा विचारला गेला.

"खोखे कितने थे?"

"पचास, साहब."

पन्नास गोळ्या दिल्या, पन्नास खोके आले. म्हणजे ही एक्कावन्नावी गोळी. मग ती आली कुठून? उत्तर एकच निघत होतं: अंकुशने आधी कधीतरी चोरून ठेवली असणार. त्याला शिक्षा झाली आणि फौजेतून काढून टाकलं. मला पुढे बढती मिळाली.

वैशालीने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "आणि अंकुश?"

"एकदा भेटला. स्वारगेटला, स्टँडवर. खंगला होता. वाकून माझ्या पाया पडला. म्हणाला, 'उस्ताद, म्या एक बी गोळी चोरली न्हाय हो. पाच झाडल्या, तुमी सोता मोजल्या. मग ती आली कुठनं? मला उमगंच ना.' मी म्हणालो, होतं असं कधीकधी. आणि साताऱ्याच्या गाडीत बसवून दिलं त्याला. दोन वर्षांनी गेला. दारूने."

"तेव्हा तरी सांगायचं ना!"

"हो."

"नुसतं हो काय, काका?" तिचा आवाज चढला. "तो तुमच्या पाया पडला!"

  तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. जिन्यापाशी मी म्हणालो, "हा कोर्स नको घेऊस."

"मग काय करू? तो गेटवर येतो त्याचं काय करू, ते सांगा." मी जिना चढू लागलो. ती म्हणाली, "तुम्ही येता सोबत? तुम्ही मोजा."

"मला जमणार नाही."

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. तिची आई हल्ली मला साहेब म्हणत नाही. जिन्यात भेटली की बाजूला होते, बस्स.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच कोर्सला गेली. रविवारी एकला सुटायचं होतं. दोन वाजले, अडीच वाजले. फोन लागेना. मी गॅलरीत येरझारा घालत होतो. चारला तिची गाडी आत आली. मी खाली धावलो. तिचे गुडघे मातीने भरलेले, तोंड उन्हाने लाल.

"एक कमी भरला," ती म्हणाली. "सर खिशात हात घालत होते. मी म्हटलं, काढू नका. खरा मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही, कोणाला हलूही देणार नाही. बाकीचे शिकाऊ मला वाट्टेल ते बोलले."

"मिळाला?"

"मॅटखाली, फटीत. रिकामाच होता. दोन तास लागले."

दोन तास. त्या संध्याकाळी राजस्थानात माझ्याकडे दोन तास होते, टॉर्च होते, दहा जवान होते. मी जेवायला गेलो.

कोर्स घेण्यासारखा आहे का, असं आता मला कोणी विचारलं तर मी सांगतो, शेवटचा अर्धा तास बघून ठरवा. नेम सगळेच शिकवतात. वैशालीला सर्टिफिकेट मिळालं आहे. लायसन्सचा पत्ता नाही. तो माणूस परवाही गेटसमोर उभा होता, आणि मी खाली जाऊन त्याला हाकलण्यापलीकडे काही करू शकलो नाही.

जिन्यात ती मला एवढंच म्हणाली, "लिहून काढा. अंकुशच्या घरचे कुठेतरी असतील." मी साताऱ्याकडे दोन पत्रं टाकली. दोन्ही परत आली. म्हणून इथे लिहितो आहे.

लान्स नाईक विष्णू गायके. सरावात गेला, म्हणून त्याचं नाव कुठल्या स्मारकावर नाही. तो माझ्यामुळे गेला.

शिपाई अंकुश लोंढे. त्याने गोळी चोरली नव्हती.