तात्यांना न चालणारं औषध

दवाखान्यात कुणी नाव विचारलं की कळस गावचे माझे सासरे, म्हणजे तात्या, आधी औषधाचं नाव सांगत. "ॲट्राक्युरियम. ह्ये मला चालत न्हाय. आदी ह्ये लिवा, माझं नाव मागनं." डोळे तपासायला गेले तरी हेच. एकदा शेळीला टोचायला आलेल्या डॉक्टरलाही त्यांनी ते ऐकवलं. मी बारामतीच्या कॉलेजात शिकवतो. सोबत असलो की मला ओशाळल्यासारखं व्हायचं. मग मी भिंतीवरची पोस्टरं वाचत उभा राहायचो.

त्या औषधापायी तात्या मरता मरता वाचले होते. इंदापुरात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. भूल देताना स्नायू सैल करणारं ते औषध दिलं आणि अंगभर लाल चट्टे उठले, रक्तदाब कोसळला, श्वास कोंडला. ऑपरेशन तिथंच थांबवून डॉक्टरांनी त्यांना परत आणलं. पुढे पुण्यात कातडीवर चाचण्या केल्या, तेव्हा नेमकं कोणतं औषध बाधलं ते कळलं. तात्या म्हणाले, "मेंढरं राखताना लांडग्याला भ्यालो न्हाय, अन् बाटलीतल्या थेंबानं आडवा केला."

काही वर्षांनी ते गोठ्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा भूल. घरातल्या सगळ्यांना इंदापूर आठवलं. मी मात्र मोबाइलवर वाचून वाचून तज्ज्ञ झालो होतो. बारामतीच्या भूलतज्ज्ञ बाईंना मी प्रश्नांवर प्रश्न विचारले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की ते औषध वापरायचंच नाही. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करू, तात्या जागेच राहतील. दुसऱ्या कशाची रिॲक्शन येणारच नाही असं सांगता येत नाही, पण सगळी तयारी ठेवलेली असेल.

"पण मॅडम, समजा..." मी पुन्हा सुरू केलं.

"जावईबापू," तात्या म्हणाले, "बाईंना त्यांचं काम करू द्या. तुमी च्या घ्या जावा."

चहाला मी गेलो नाही. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराला कान लावून उभा राहिलो. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला, एक नर्स घाईनं बाहेर आली आणि मी धाडकन खाली कोसळलो. डोळे उघडले तेव्हा मी खाटेवर होतो आणि बायको पदरानं वारा घालत होती. नर्स नुसता कापूस आणायला निघाली होती म्हणे. थोड्या वेळानं तात्यांना स्ट्रेचरवरून आणलं. चांगले जागे होते. माझ्याकडे बघून त्यांनी मुलीला विचारलं, "ह्यास्नी काय टोचलं हुतं गं?"

तात्या पुन्हा चालू लागले, काठी घेऊन बांधापर्यंत जायचे. गेल्या हिवाळ्यात मात्र वयामुळे त्यांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दुपारी त्यांना धाप लागली होती, बोलणं तुटत होतं. तरी मला म्हणाले, "तुमी भाईर बसा. तुमास्नी सोसायचं न्हाय."

मी बाहेर गेलो नाही. त्यांचा हात हातात घेऊन बसलो. थरथर होती ती सगळी माझ्या हाताची. त्यांचा हात शेवटपर्यंत शांत होता.