तोंड मिटून दिलेला पेपर

भिंतीला कान असतात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण या तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका भिंतीला तोंडसुद्धा होतं. रोज संध्याकाळी साडेसहाला ते उघडायचं आणि आठपर्यंत मिटायचं नाही. ते तोंड रेडिओकाकूंचं.

'रेडिओ' हे नाव कुणी ठेवलं यावरून वाद आहे. पलीकडच्या खोलीतला शिंपी म्हणतो, मी. त्याची बायको म्हणते, मी. त्या घरात शेवटचा शब्द कुणाचा असतो ते वेगळं सांगायला नको. पण नाव बसलं ते बसलं. काकूंना राग नव्हता. उलट एखाद्या दिवशी उशीर झाला आणि शिंप्याने भिंतीवर टकटक केली, की त्या इकडून ओरडायच्या, "थांबा हो भावजी, सेल घालतेय!"

गोष्ट अशी होती की काकूंना मनात वाचता यायचं नाही. वाचायचं म्हणजे मोठ्याने. फार तर पुटपुटत. पण ओठ हलायलाच हवेत. चौतिसाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात त्या अक्षर शिकल्या, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी दम दिला होता, "डोळे चोर असतात. पुढे पळतात आणि आपल्याला वाटतं वाचलं. जीभ प्रामाणिक असते. जे म्हटलंस, तेवढंच वाचलंस." काकूंनी ते गाठीला बांधलं. ओळीखाली बोट, ओठांवर शब्द, आणि कानाने ऐकलं की मग डोक्यात. वाट लांबची, पण त्या वाटेने त्या दहावी झाल्या, बारावी झाल्या आणि मुक्त विद्यापीठाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचल्या. सतरा वर्षं लागली. चार विषयांत नापास झाल्या, चारही पुन्हा सोडवले. आता एकच पेपर उरला होता. समाजशास्त्राचा.

त्या सतरा वर्षांत भिंतीपलीकडे शिंपीही फुकटात अर्धा पदवीधर झाला. बायकोशी भांडण झालं की म्हणायचा, "हे बघ, आपलं विभक्त कुटुंब आहे, तुझ्या आईचं इथे काय काम?" बायकोही त्याच भिंतीला टेकून भाजी निवडायची. ती म्हणायची, "विस्तारित कुटुंब पण असतं. पुढचं पान ऐकलं नाहीत वाटतं?"

आणि घरातला श्रोता म्हणजे काकूंचा नवरा. त्यांचा धंदा कुलूपकिल्ल्यांचा. चौकाच्या कोपऱ्यावर दीड हात रुंद टपरी. कसलंही कुलूप आणा, कान लावतील, तार फिरवतील, आतली कळ कुठे अडते ते ऐकतील आणि उघडून देतील. मात्र अक्षराचं कुलूप त्यांना कधी उघडलं नाही. बायको वर्गाला जायला लागली तेव्हा ते म्हणाले होते, "दोघांनी कशाला शिकायचं? तू वाच, मी ऐकतो. काम वाटून घेतलं की लवकर होतं." तेव्हापासून सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र काकूंच्या तोंडून. पहिल्या पानापासून ते हरवले-सापडलेपर्यंत.

काकू कामाला होत्या मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात. बावीस वर्षं चादरी दाबायच्या यंत्रावर. ओली चादर एका बाजूने घालायची, कडक होऊन दुसऱ्या बाजूने येते, मध्ये वाफ. त्या वाफेने बोटांची सालं निघाली होती आणि अलीकडे जिना चढताना छातीतून शिटी वाजायची. डॉक्टर म्हणाले होते, वाफेतून बाहेर पडा. बाहेर पडायचं म्हणजे कुठे? तर नोंदणी खोलीतले कारकून महिन्याअखेर निवृत्त व्हायचे होते. वरच्या साहेबांनी काकूंना बोलावून सांगितलं, "पदवीचा निकाल आणा, ती खुर्ची तुमची. महिनाअखेरपर्यंत कुणाला देत नाही." खोलीला दोन खिडक्या होत्या. काकू जेवणाच्या सुट्टीत एकदा नुसत्या बघून आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत, पाठीवरून हात फिरवला आणि परत आल्या.

आधीचे सगळे पेपर त्यांनी परीक्षा केंद्रावर दिले होते. तिथल्या शिपायाला त्यांची सवय झाली होती. पहिल्या वर्षी एका परीक्षार्थीने तक्रार केली, "या बाई गुणगुणतात." शिपायाने एक बाक उचलला आणि व्हरांड्याच्या टोकाला नेऊन ठेवला. "ताई, इथे बसा आणि भाषण करा हवं तर." पर्यवेक्षक लांबून बघायचे, हसायचे. एवढ्यावर भागलं होतं.

या वर्षी विद्यापीठाने कळवलं की केंद्रावर यायची गरज नाही. परीक्षा घरबसल्या, संगणकावर. कॅमेरा लक्ष ठेवील. माणूस कुणी नाही. पत्रात लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी.'

लेक औषधाच्या दुकानात कामाला होती. तिने तिथला जुना लॅपटॉप मागून आणला, टेबल भिंतीकडे फिरवलं, आईला समोर बसवलं. "आई, इकडेतिकडे बघायचं नाही. उठायचं नाही. खोलीत दुसरं कुणी नको. आवाज नको."

"आणि श्वास?"

"घे. पण हळू घे."

पेपरच्या दिवशी अख्खी इमारत चिडीचूप झाली. शिंप्याने मशीन बंद ठेवलं. त्याच्या बायकोने कुकर लावला नाही. किल्लीवाले काका दाराबाहेर स्टुलावर पहारा देत बसले आणि जिना चढणाऱ्या प्रत्येकाला चप्पल हातात घ्यायला लावली. एवढा बंदोबस्त करून सगळे एकच गोष्ट विसरले. आवाज बाहेरून येणारच नव्हता.

काकूंनी पहिला प्रश्न वाचला. अर्थात पुटपुटत. पडद्यावर लाल पट्टी आली, 'ओठांची हालचाल आढळली. पहिली सूचना.' काकूंनी पट्टीसुद्धा वाचली. पुटपुटतच. 'इतर व्यक्तीशी संभाषणाचा संशय. दुसरी सूचना.' त्या घाबरल्या, ओठांवर हात ठेवला. हाताआड ओठ हलतच होते. 'तोंड झाकले गेले आहे. तिसरी सूचना. परीक्षा थांबवण्यात येत आहे.'

एकूण नऊ मिनिटं. काकू दार उघडून बाहेर आल्या तेव्हा काका म्हणाले, "एवढ्यात? वा, सगळं येत होतं वाटतं!"

"मला कॉपी करताना पकडलं," काकू म्हणाल्या.

"कुणाची कॉपी? आत तर तू एकटीच!"

"तेच तर."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते असं. लेकीने विद्यापीठाच्या मदतीच्या खिडकीत तक्रार लिहिली. लगेच उत्तर आलं, 'नमस्कार! आपली अडचण ऐकून वाईट वाटले. आपला प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे? एक, शुल्क. दोन, इंटरनेट. तीन, इतर.' तिने तीन दाबलं. 'क्षमस्व, आपला प्रश्न समजला नाही. आपला प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे?'

"वाईट वाटलं म्हणतोय ना," काका म्हणाले. "म्हणजे कुणीतरी चांगला माणूस दिसतोय."

"बाबा, माणूस नाहीये तो."

"मग वाईट कसं वाटलं?"

लेकीने पुन्हा तीन दाबलं.

काकू अर्धी रजा टाकून केंद्रावर गेल्या. मोठ्या खोलीत बाक एकावर एक रचून ठेवलेले. शिपाई तेवढा होता. "ताई, तुमचा बाक मी खाली ठेवलाय," तो म्हणाला. खरंच, व्हरांड्याच्या टोकाला एकटा बाक होता. त्यावर तो डबा खायचा.

आतला कारकून सज्जन निघाला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, ही तक्रार मी पण त्याच खिडकीत टाकणार, जिथे तुम्ही टाकलीत. माझ्या हातात पेनसुद्धा ठेवलेलं नाही आता." मग आवाज खाली करून त्याने एक वाट सांगितली. सवलतीचा अर्ज होता. अंधत्व, बहिरेपण, हातांचा कंप, बोलण्यावाचण्याचा आजार. "शेवटच्यावर खूण करा. तुम्ही रुग्णालयातच आहात, डॉक्टरचा दाखला मिळेल. मग कॅमेरा बंद ठेवतात."

काकूंनी अर्ज जवळ ओढला. बोट ठेवून, पुटपुटत, तो पूर्ण वाचला. "वाचण्याचा आजार," त्या म्हणाल्या. "अहो, सतरा वर्षांपूर्वी मला वाचता येत नव्हतं, तेव्हा कुणी आजार म्हणालं नाही. आता येतंय, तर आजार?"

"कागदापुरतं हो."

"कागदासाठीच तर सगळं चाललंय. वाचता येतं याचा कागद हवाय मला, आणि त्यासाठी येत नाही असा कागद आणू?"

त्यांनी अर्ज तिथेच ठेवला. हात दाखवून अवलक्षण, असं शिंपी नंतर म्हणाला. त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. परतताना काकूंनाही दोनदा वाटलं, मागे फिरावं. पण बस आली आणि त्या चढल्या.

एक संधी उरली होती. अठरा दिवसांनी. त्यात तोंड मिटून वाचायला शिकायचं. एक्कावन्नाव्या वर्षी.

लेकीने दातांत पेन्सिल धरायला सांगितलं. ओठ तरीही हलले, पेन्सिलही हलली. मग काकांनी डोकं चालवलं. "तोंडात पाणी धर. ओठ उघडले की सांडेल." मिठाची गुळणी धरून बसतात, तशी काकू पाण्याची गुळणी धरून पुस्तकासमोर बसायला लागल्या. पहिल्या दिवशी 'औद्योगिकीकरण' आलं आणि अख्खं पान भिजलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी घोट गिळला आणि ठसका लागला. काका पाठ थोपटत म्हणाले, "सोपा शब्द निवड ना एखादा."

हसणं तेवढ्यापुरतं. आठवड्याने पाणी सांडायचं थांबलं. धुलाईघरातही त्या गप्प झाल्या. आधी चादरींवरचे शिक्के मोठ्याने वाचायच्या, 'वॉर्ड चार, वॉर्ड सहा,' आणि बायका चिडवायच्या, "रेडिओ, बातम्या झाल्या, आता गाणी लाव." आता वाफेचा आवाज तेवढा. घरी साडेसहाला शिंपी मशीन थांबवून वाट बघायचा. भिंत काही बोलायची नाही.

काकूंनी एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. ओठ थांबले होते, पण त्यांच्याबरोबर सगळंच थांबलं होतं. अक्षरं दिसायची, ऐकू यायची नाहीत. डोळे ओळीवरून घसरत तळाशी पोचायचे आणि हाती काही नसायचं. बाई म्हणाल्या होत्या तेच. डोळे चोर असतात.

दुसऱ्या वेळी इमारत पुन्हा गप्प बसली. काकूंनी गुळणी धरली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि सुरुवात केली. लाल पट्टी आली नाही. पहिला प्रश्न त्यांनी पाच वेळा पाहिला. पाहिला म्हणायचं, वाचला नाही. चार उत्तरं चार अनोळखी माणसांसारखी उभी. त्यांतल्या एकावर बोट ठेवलं. पुढचा. मधेच एक उतारा कुटुंबसंस्थेवरचा होता, शिंप्यालासुद्धा पाठ असलेला. काकूंना तो ओळखीचा वाटला. एकदा, फक्त एकदा मोठ्याने म्हटला असता, तर घरचं माणूस भेटावं तसा भेटला असता. त्यांनी ओठ आणखी घट्ट दाबले.

दोन तासांनी पडद्यावर हिरवी पट्टी आली. 'परीक्षा सुरळीत पार पडली. कोणताही गैरप्रकार आढळला नाही. अभिनंदन!'

लेक दाराच्या फटीतून बघत होती. तिने हिरवा रंग पाहिला आणि ओरडली, "बाबा, झालं!" काका आत धावले, मागून शिंपी, शिंप्याची बायको. "आता खुर्चीवर बसणार आमची रेडिओ!" शिंप्याच्या बायकोने काकूंना मिठी मारली. काका डोळे पुसत म्हणाले, "बोल की काहीतरी! आता कोण पकडतंय तुला?"

काकूंच्या तोंडात पाणी तसंच होतं. त्यांनी मिठी सोडवली. मग उठल्या, मोरीत गेल्या, गुळणी टाकली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

निकाल महिना संपायच्या दोन दिवस आधी आला. शंभरपैकी अठरा. त्याखाली आणखी एक रकाना होता, परीक्षेतील वर्तन. त्यात लिहिलं होतं, उत्कृष्ट.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन दिवस आणखी थांबून मग ती खुर्ची दुसऱ्याला दिली. काकू चादरींवर परत गेल्या. म्हणजे त्या गेल्याच कुठे होत्या? यंत्र तेच, वाफ तीच, छातीतली शिटी थोडी लांबली.

लेक म्हणते, पुढच्या वर्षी पुन्हा बस. काकू हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. अभ्यासाची पुस्तकं त्यांनी कपाटाच्या वर ठेवली आहेत. ती उतरवायला स्टूल लागतं, आणि स्टूल काका टपरीवर घेऊन गेले.

परवा सकाळी काकांनी पूर्वीसारखं वर्तमानपत्र आणलं. निकालानंतर पहिल्यांदाच. चहाच्या कपाशेजारी ठेवलं, घडी उलगडून पहिलं पान वर करून दिलं आणि कुलपाला लावतात तसा कान थोडा पुढे करून बसले. भिंतीपलीकडे शिंप्याने मशीन थांबवलं.

काकूंनी पान उचललं. डोळे वरून खाली गेले. ओठ मिटलेले. त्यांनी दुसरं पान उलटलं, तिसरं. हरवले-सापडलेपर्यंत गेल्या.

"काय म्हणतंय?" काकांनी विचारलं.

"विशेष काही नाही," काकू म्हणाल्या आणि घडी घातली.

काकांचा कान अजून पुढेच होता. पलीकडे शिंप्यानेही वाट बघितली. मग मशीन सुरू झालं.