आठ अक्षरांची अट

परवा पार्से गावात पिकलेल्या काजूच्या बोंडूंचा वास आला आणि तुयेच्या औषध कारखान्यातली कॉम्प्युटरची खोली आठवली. खोलीमागे काजूची झाडं होती. खिडक्या बंद असूनही वास आत यायचा. चपला दाराबाहेर काढूनच आत जायचं, इतका त्या पहिल्या यंत्राचा मान. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा हवा, अशी अट आली तेव्हा आम्ही कुरकुरत देवाचं नाव घातलं आणि विसरू नये म्हणून चिठ्ठीवर लिहून कीबोर्डाखाली चिकटवलं. औषधांच्या चाचण्यांची नोंद करणाऱ्या पार्से गावच्या मुलीनं मात्र आपला पासवर्ड कुठेच लिहिला नाही. एका दुपारी खोकल्याच्या औषधाची खेप तिच्या चाचणीत नापास झाली. बाहेर ट्रक उभा होता. मी तिचा साहेब, म्हटलं, "पासवर्ड सांग आणि घरी जा. एक आकडा बदलायचाय, मी बघतो." तिनं ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं, पण आवाज हलला नाही. "सर, ती नोंद माझ्या नावार पडतली. औषध पोरांच्या पोटात जातला. नोकरी गेली तरी चलात, मी सांगूचंय नाय." ट्रक रिकामा परत गेला. चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही, पाचव्या दिवशी माझी चिठ्ठी फाडून टाकली. ते यंत्र कधीच भंगारात गेलं. परवा तिच्याच अंगणात बसून मी विचारलं, "आता तरी सांगशील?" केस पिकलेली ती मुलगी हसली. "अक्षरां किती ती सांगतंय, सर. चवदा."