पाठीवरचा धागा
नव्या साडीच्या खळीचा वास आला की आजही माझा हात पाठीकडे जातो. शहाण्णव साली सुरतेत, डिंडोलीला, आमच्या आया कारखान्यातल्या साड्या घरी आणून त्यांचे सुटे धागे कापायच्या. शाळेला निघताना आई मला ओल्या हातानं झाडून पाठवायची. माझ्याच वर्गातल्या शेजारच्या मुलीला आई नव्हती. धागे तीच कापायची. वर्गातल्या बँकेत नोकरी असलेल्यांच्या मुलींनी मला नुकतंच आपल्या बाकावर घेतलं होतं. शेजारच्या त्या मुलीच्या वेणीत धागा दिसताच, आमच्याही घरी धागे कापतात हे बिंग फुटायच्या आत मीच ओरडले, "धागेवाली!" सगळा वर्ग तेच ओरडू लागला. शाळा सुटल्यावर ती मागून आली. मारेल म्हणून मी डोळे मिटले. तिनं माझ्या पाठीवरचा लाल धागा काढून मुठीत लपवला. "कोनी पाह्यलं नाही," म्हणाली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिला पुन्हा धागेवालीच म्हटलं.